भाषासंकट (जर्मन साहित्य)

भाषासंकट ही साहित्यसमीक्षेतील एक संज्ञा आहे. इ. स. १९०० च्या सुमारास जर्मन भाषेतील आरंभीच्या आधुनिकतावादी साहित्यात भाषेविषयी जो मूलभूत अविश्वास प्रकट झाला, त्याला उद्देशून ती वापरली जाते. जर्मनमध्ये या संज्ञेसाठी 'श्प्राखक्रीझे' हा शब्द रूढ आहे. शब्दांनी वस्तूंचे यथार्थ ज्ञान होते काय, मनातील अनुभव शब्दांतून दुसऱ्यापर्यंत पोहोचतो काय, आणि सर्वांच्या वापराने झिजलेल्या शब्दांत कोणी काही खरे बोलू शकतो काय, हे तीन प्रश्न या संकटाच्या मुळाशी होते. ऑस्ट्रियन लेखक हुगो फोन होफमान्स्टाल याने १९०२ साली लिहिलेले 'एक पत्र' हे या संकटाचे सर्वांत प्रसिद्ध साहित्यिक प्रकटीकरण होय. ते 'लॉर्ड चॅन्डॉसचे पत्र' या नावानेही ओळखले जाते.

'संकट' या शब्दामुळे या काळात लेखक लिहिण्याचे थांबले असावेत असा समज होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात भाषेवरील याच संशयातून जर्मन साहित्यात नवी कविता, नवी कादंबरी आणि नवे नाटक जन्माला आले.

पार्श्वभूमी

भाषेविषयीचा संशय युरोपीय विचारात नवा नव्हता. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला अधिक धार आली. फ्रीड्रिख नीत्शे याने १८७३ मध्ये सत्य आणि असत्य यांविषयी एक छोटा निबंध लिहिला. तो बऱ्याच वर्षांनंतर प्रसिद्ध झाला. आपण ज्यांना सत्ये म्हणतो ती मुळात रूपकेच असतात आणि ती रूपके आहेत याचा आपल्याला विसर पडलेला असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. फार हाताळल्याने छाप पुसल्या गेलेल्या नाण्याचा दृष्टान्त त्याने यासाठी योजला. प्रत्येक पान दुसऱ्यापेक्षा वेगळे असते. तरीही 'पान' हा एकच शब्द आपण सर्वांसाठी वापरतो. म्हणजे नाम देण्याच्या क्रियेतच भेद पुसून टाकण्याची क्रिया अंतर्भूत असते, हा त्याचा मुद्दा पुढील पिढीच्या लेखकांना जवळचा वाटला.

दुसरा प्रभाव पदार्थवैज्ञानिक व तत्त्वज्ञ अर्न्स्ट माख याचा होता. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवेदनांच्या विश्लेषणावरील ग्रंथात त्याने असे मांडले की, 'मी' ही एखादी स्थिर वस्तू नसून सतत बदलणाऱ्या संवेदनांच्या समूहाला सोयीसाठी दिलेले ते नाव आहे. माख १८९५ पासून व्हिएन्ना विद्यापीठात अध्यापन करीत होता आणि तेथील साहित्यवर्तुळांत त्याच्या विचारांची मोठी चर्चा होती. 'मी'च जर केवळ सोयीचे नाव असेल, तर 'मला वाटते' या वाक्याचा कर्ता कोण, असा पेच लेखकांपुढे उभा राहिला.

या तात्त्विक कारणांना सामाजिक कारणांची जोड होती. ऑस्ट्रिया-हंगेरी हे अनेक भाषांचे साम्राज्य होते आणि तेथे भाषा हा राजकीय संघर्षाचा विषय बनला होता. १८९७ मध्ये पंतप्रधान बाडेनी याने बोहेमियातील शासकीय अधिकाऱ्यांना जर्मन व चेक या दोन्ही भाषा येणे बंधनकारक करणारे आदेश काढले. त्यावरून संसदेत व रस्त्यांवर दंगली उसळल्या आणि त्याच वर्षी त्याला पद सोडावे लागले. दुसरीकडे वृत्तपत्रांचा खप व प्रभाव वाढत होता आणि ठरावीक साच्याचे, गुळगुळीत शब्दप्रयोग शिक्षित वर्गाच्या तोंडी रुळले होते. होफमान्स्टाल याने १८९५ मध्येच एका लेखात, लोक बोलणे ऐकून कंटाळले आहेत आणि शब्द वस्तूंच्या आड येऊन उभे राहिले आहेत, अशा आशयाचे निरीक्षण नोंदविले होते.

माउटनरची भाषामीमांसा

या संशयाला सर्वांत विस्तृत रूप फ्रिट्स माउटनर (१८४९–१९२३) याने दिले. तो बोहेमियातील ज्यू कुटुंबात जन्मला. जर्मन, चेक आणि काही प्रमाणात हिब्रू अशा तीन भाषा बालपणीच कानांवर पडल्यामुळे शब्द आणि वस्तू यांचे नाते स्वाभाविक नसल्याची जाणीव त्याला लवकर झाली. बर्लिनमध्ये नाट्यसमीक्षक व पत्रकार म्हणून काम करीत असतानाच त्याने भाषेच्या मीमांसेवरील तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९०१ व १९०२ या वर्षांत प्रसिद्ध झाला.

माउटनरच्या मते एखाद्या गोष्टीला शब्द आहे म्हणून ती गोष्टही असलीच पाहिजे असे मानणे, ही एक अंधश्रद्धा आहे. भाषा ही वस्तू नसून माणसांमधील व्यवहार आहे. खेळाचे नियम जसे खेळणाऱ्यांच्या संमतीपुरते खरे असतात, तसेच भाषेचे. त्यामुळे सामाजिक व्यवहारासाठी ती पुरेशी आहे, भावना जागृत करीत असल्याने काव्यासाठीही उपयुक्त आहे. परंतु जगाचे ज्ञान मिळविण्यासाठी ती कुचकामी आहे. भाषेची चिकित्सा भाषेनेच करावी लागते, ही अडचण त्याने ओळखली होती. शिडी चढताना मागची प्रत्येक पायरी मोडीत जाण्याची प्रतिमा त्याने त्यासाठी वापरली. गुस्टाव्ह लांडाउअर याने १९०३ मध्ये 'संशय आणि गूढवाद' या पुस्तकात माउटनरचे विचार पुढे नेले. शब्दांची सत्ता मोडल्यावर माणसाला जगाशी थेट एकरूपतेचा अनुभव येऊ शकतो, असे त्याने सुचविले.

लॉर्ड चॅन्डॉसचे पत्र

होफमान्स्टाल (१८७४–१९२९) याने शाळेत असतानाच 'लोरिस' या टोपणनावाने कविता लिहून व्हिएन्नातील साहित्यिकांना चकित केले होते. त्याच्या भावकविता बहुतांशी १८९० ते १९०० या दशकातील आहेत. १९०२ च्या ऑक्टोबर महिन्यात बर्लिनच्या 'डेर टाग' या दैनिकात 'एक पत्र' हा त्याचा गद्यलेख दोन भागांत छापून आला. त्या वेळी तो २८ वर्षांचा होता. पत्र प्रसिद्ध झाल्यावर माउटनर आणि होफमान्स्टाल यांच्यात त्याविषयी पत्रव्यवहारही झाला.

हे पत्र काल्पनिक आहे. फिलिप, लॉर्ड चॅन्डॉस हा २६ वर्षांचा इंग्रज सरदारपुत्र १६०३ साली आपला ज्येष्ठ मित्र व तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन याला ते लिहितो. आपण साहित्यलेखन पूर्णपणे का सोडले याचे कारण तो त्यात देतो. बेकनची योजना अर्थपूर्ण आहे. ऐतिहासिक बेकनने पुढे बुद्धीला भुलविणाऱ्या भ्रमांचे वर्गीकरण करताना शब्दांमुळे निर्माण होणाऱ्या भ्रमांना वेगळे स्थान दिले. मात्र काटेकोर पद्धतीने ज्ञान शुद्ध करता येईल यावर त्याचा विश्वास होता. चॅन्डॉसचा तोच विश्वास ढळला आहे.

पूर्वी चॅन्डॉसला सारे अस्तित्व एकसंध वाटत असे. राजा आठवा हेन्री याच्या कारकिर्दीचा इतिहास, प्राचीन कथांचा अर्थ उलगडणारा ग्रंथ, सुभाषितांचा संग्रह अशा अनेक योजना त्याने आखल्या होत्या. नंतर कोणत्याही गोष्टीविषयी सुसंगत विचार करण्याची किंवा बोलण्याची त्याची क्षमता हळूहळू लोप पावली. प्रथम 'आत्मा', 'देह' यांसारखे अमूर्त शब्द उच्चारणे त्याला अशक्य झाले. कुजलेल्या अळंब्यांप्रमाणे ते तोंडातच विरघळतात असे तो सांगतो. पुढे हा रोग रोजच्या बोलण्यापर्यंत पसरला. अमुक गृहस्थ चांगला, तमक्याचे दैव वाईट, अशी साधी विधानेही त्याला खोटी व निराधार वाटू लागली.

या उतरणीतील एक प्रसंग विशेष महत्त्वाचा आहे. चॅन्डॉसची चार वर्षांची मुलगी खोटे बोलते. नेहमी खरे बोलावे, असा उपदेश करण्यासाठी तो तोंड उघडतो. परंतु ओठांवर आलेले शब्द एकमेकांत मिसळू लागतात. वाक्य कसेबसे संपवून तो खोलीबाहेर पडतो आणि घोड्यावर बसून मोकळ्या माळावर निघून जातो. येथे भाषासंकट हे नैतिक संकट होते. खोटे बोलू नकोस असे सांगणाऱ्याला 'खरे' या शब्दाचीच खात्री उरलेली नाही. आपण नुसतेच शब्द पुढे करीत आहोत ही जाणीव झाल्याने उपदेश करण्याचा त्याचा अधिकारच संपतो.

पत्राच्या उत्तरार्धात चित्र पालटते. चॅन्डॉसचे जीवन पूर्णपणे शून्य झालेले नाही. अर्धवट भरलेली एखादी झारी, शेतात सोडून दिलेला कुळव, उन्हात पडलेला कुत्रा अशा क्षुल्लक वस्तू पाहताना अकस्मात त्याला परिपूर्णतेचा अनुभव येतो. अक्रोडाच्या झाडाखालील झारीच्या पाण्यात पोहणारा किडा त्याला हादरवून टाकतो. दुधाच्या तळघरात उंदरांसाठी विष टाकण्याची आज्ञा त्यानेच दिलेली असते. संध्याकाळी घोड्यावरून फेरफटका मारताना त्या मरणाऱ्या उंदरांची तडफड त्याच्या मनापुढे इतक्या तीव्रतेने उभी राहते की ती पाहणारा आणि ते उंदीर यांतील अंतर नाहीसे होते. या क्षणांसाठी त्याच्याजवळ शब्द नाहीत. ज्या भाषेत लिहावे, किंबहुना विचार करावा असे त्याला वाटते, ती लॅटिन नव्हे, इंग्रजीही नव्हे. ती मुक्या वस्तूंची भाषा आहे आणि तिच्यातील एकही शब्द त्याला ठाऊक नाही.

पत्रातील विरोधाभास व त्याचे अर्थ

भाषा निकामी झाल्याचे सांगणारे हे पत्र अत्यंत समृद्ध, लयबद्ध आणि प्रतिमांनी भरलेल्या जर्मन गद्यात लिहिलेले आहे. हा विरोधाभास कसा समजून घ्यावा याविषयी तीन प्रमुख दृष्टिकोन आढळतात.

पहिला दृष्टिकोन चरित्रात्मक आहे. भावकवितेचा निरोप घेताना होफमान्स्टालने केलेले हे आत्मकथन आहे, असे त्यानुसार मानले जाते. मात्र पत्रानंतर तो गप्प बसला नाही. त्याचे 'इलेक्ट्रा' हे नाटक पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, रंगभूमीवर आले. दुसरा दृष्टिकोन तात्त्विक असून तो नीत्शे, माख व माउटनर यांच्या विचारांचे साहित्यिक रूप या पत्रात पाहतो. तिसरा दृष्टिकोन पत्राच्या रचनेवर भर देतो. त्यानुसार चॅन्डॉसची साथ सर्व भाषेने सोडलेली नाही. अमूर्त संकल्पना, सामान्य विधाने आणि तयार निवाडे यांची भाषा त्याच्यापुरती मेली आहे. झारी, कुळव, किडा, उंदीर यांविषयी मात्र तो अचूक व सहानुभूतीने लिहू शकतो. या वाचनाप्रमाणे पत्र हे केवळ निरोप नसून पुढे येणाऱ्या वस्तुनिष्ठ, प्रतिमाप्रधान लेखनाची पूर्वसूचना आहे. पुढील लेखकांची वाटचाल पाहता हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो.

इतर लेखकांचे प्रतिसाद

राइनर मारिया रिल्के याने वस्तूकडे पाहण्याची शिस्त स्वीकारली. १९०५–०६ मध्ये तो पॅरिस येथे शिल्पकार रोदँ याचा सचिव होता. शिल्पकार जसा दगडावर काम करतो, तसे कवीने शब्दावर काम करावे, असा आदर्श त्याने समोर ठेवला. 'नव्या कविता' (१९०७ व १९०८) या त्याच्या संग्रहांतील प्राणी, फुले व मूर्ती यांवरील रचनांना जर्मन समीक्षेत 'वस्तुकविता' म्हणतात. १९१० मधील 'माल्टे लाउरिड्स ब्रिगेची टिपणे' या कादंबरीत पॅरिसमध्ये एकाकी राहणारा तरुण डॅनिश कवी जुने अर्थ गळून पडत असल्याचा भयप्रद अनुभव घेतो आणि नव्याने 'पाहायला' शिकू लागतो. सलग कथानकाऐवजी तुटक टिपणांची रचना येथे आशयाशी सुसंगत आहे.

रोबेर्ट मूझिल याच्या 'विद्यार्थी ट्योर्लेसचा गोंधळ' (१९०६) या कादंबरीत लष्करी निवासी शाळेतील मुलगा गणितातील काल्पनिक संख्यांमुळे अस्वस्थ होतो. अस्तित्वात नसलेल्या संख्येच्या आधारे खऱ्या उत्तरापर्यंत कसे पोहोचता येते, या त्याच्या प्रश्नाला शिक्षक उत्तर देऊ शकत नाही. त्याच शाळेत एका मुलाचा अमानुष छळ चालू असतो. अखेरीस चौकशीच्या वेळी ट्योर्लेस आपला अनुभव सांगू पाहतो, तेव्हा समोर बसलेल्या शिक्षकांना त्यातले काहीच उमगत नाही.

श्टेफान गेओर्गे याने उलट दिशा धरली. दैनंदिन भाषा भ्रष्ट झाली असल्याने काव्यासाठी वेगळी, पवित्र भाषा हवी, असे तो मानी. १८९२ पासून त्याने निवडक वाचकांसाठी 'ब्लेटर फ्यूर डी कुन्स्ट' हे नियतकालिक चालविले. जर्मन लेखनात नामाचे पहिले अक्षर मोठे असते. तो नियमही त्याने झुगारला. क्रिस्टियान मोर्गेनश्टेर्न याने याच प्रश्नाला विनोदाने तोंड दिले. 'फाशीची गाणी' (१९०५) या त्याच्या संग्रहात अर्थहीन ध्वनींची एक कविता आहे. 'माशाचे रात्रगीत' या कवितेत तर एकही शब्द नाही. तेथे केवळ लघू व गुरू मात्रांची चिन्हे मांडलेली आहेत.

होफमान्स्टाल स्वतः शब्दाला देहबोली व संगीत यांची साथ देणाऱ्या कलांकडे वळला. रिखार्ड श्ट्राउस या संगीतकारासाठी त्याने 'गुलाबाचा सरदार' (१९११) यासारख्या संगीतिका लिहिल्या.

पहिले महायुद्ध

१९१४ मध्ये हा प्रश्न लेखकांच्या खोलीतून सार्वजनिक जीवनात आला. ज्या अमूर्त व भव्य शब्दांवर चॅन्डॉसचा विश्वास उरला नव्हता, त्याच प्रकारच्या शब्दांनी वृत्तपत्रे भरून गेली. अनेक लेखक या लाटेत सापडले. होफमान्स्टालने देशभक्तिपर लेख लिहिले. रिल्केनेही युद्धाच्या पहिल्या दिवसांत युद्धदेवतेला उद्देशून गीते रचली आणि लवकरच तो त्यापासून दूर झाला. भाषेवर संशय घेणारा लेखक शब्दांच्या मोहापासून सुरक्षित असतोच असे नाही, याचे हे उदाहरण होय.

या प्रवाहाविरुद्ध ठामपणे उभा राहिला तो कार्ल क्राउस. १८९९ मध्ये त्याने व्हिएन्नात 'डी फाकेल' (मशाल) हे नियतकालिक सुरू केले होते. १९११ नंतर तो ते एकट्याने लिहीत असे. क्राउसचा भाषेवर अविश्वास नव्हता, तर भाषा वापरणाऱ्यांवर होता. शब्दांचा निष्काळजी वापर आणि नैतिक निष्काळजीपणा यांत तो भेद करीत नसे. तयार शब्दप्रयोगांमुळे माणसाची कल्पनाशक्ती बधिर होते, आणि आपल्या कृतीचा परिणाम डोळ्यांपुढे आणू न शकणारा समाज युद्धाकडे सहज ओढला जातो, असे त्याचे निदान होते. 'मानवजातीचे अखेरचे दिवस' या त्याच्या विस्तृत नाटकाची ग्रंथरूप आवृत्ती १९२२ मध्ये आली. त्यातील संवादांचा मोठा भाग प्रत्यक्ष वृत्तपत्रे, घोषणा व भाषणे यांतून जसाच्या तसा उचललेला आहे.

कवितेतील प्रतिक्रिया अधिक टोकाची होती. बर्लिनमधील टपाल खात्याचा अधिकारी आउगुस्ट श्ट्राम याने वाक्य मोडून एकेका शब्दाची ओळ केली आणि क्रियापदांना मध्यवर्ती स्थान दिले. १९१५ मध्ये तो पूर्व आघाडीवर मारला गेला. १९१६ मध्ये झ्यूरिखच्या 'कॅबरे व्होल्टेर' येथे हुगो बाल याने शब्दांशिवाय, केवळ ध्वनींच्या कविता सादर केल्या. वृत्तपत्रांनी बिघडविलेल्या भाषेचा त्याग करावा, अशी भूमिका त्याने आपल्या रोजनिशीत मांडली आहे.

पुढील प्रभाव

युद्धानंतर होफमान्स्टाल मूळ प्रश्नाकडे सुखात्मिकेच्या रूपात परतला. १९२१ मधील 'अवघड माणूस' या नाटकाचा नायक आघाडीवरून परतलेला एक काउंट आहे. बोलण्याने केवळ गैरसमजच वाढतात अशी त्याची समजूत असते. अखेर त्याचा विवाह ठरतो तोही अडखळत झालेल्या बोलण्यातून. येथे मौनाला आदर्श न मानता, अपुऱ्या शब्दांनीही माणसे एकमेकांपर्यंत पोहोचू शकतात, असे सुचविलेले दिसते.

त्याच वर्षी लुडविग विट्गेन्श्टाइन याचा तर्कशास्त्रीय-तत्त्वज्ञानात्मक प्रबंध प्रथम प्रसिद्ध झाला. तत्त्वज्ञान म्हणजे भाषेची चिकित्सा, असे मानताना ती माउटनरच्या अर्थाने नव्हे, हे त्याने त्यात आवर्जून नोंदविले. जे सांगता येते त्याची सीमा आखणे आणि उरलेल्याविषयी मौन पाळणे, ही त्याची भूमिका या काळाच्या संदर्भात वाचली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर, नाझी राजवटीने जर्मन भाषेचा जो दुरुपयोग केला त्याच्या पार्श्वभूमीवर, हा विषय पुन्हा पुढे आला. ऑस्ट्रियन कवयित्री इंगेबोर्ग बाखमान हिने १९५९–६० मधील फ्रांकफुर्ट विद्यापीठातील व्याख्यानांत चॅन्डॉसच्या पत्राचा दाखला देऊन, नव्या साहित्यासाठी नवी भाषा का लागते, हा प्रश्न मांडला. तिच्या विवेचनात भर होता तो नैतिकतेवर. भाषा बदलायची तर ती वापरणाऱ्या माणसाची दृष्टी आधी बदलावी लागते, असे तिचे म्हणणे होते.

मूल्यमापन

भाषासंकट ही संज्ञा समीक्षकांनी मागाहून दिलेली आहे. या लेखकांची कोणतीही एक संघटना किंवा जाहीरनामा नव्हता. माउटनरला भाषा ज्ञानासाठी अपुरी वाटली, होफमान्स्टालला ती अनुभवापासून तुटलेली वाटली, गेओर्गेला ती मलिन झालेली वाटली, तर क्राउसच्या मते दोष भाषेचा नसून बोलणाऱ्याचा होता. या चार निदानांतील फरक लक्षात न घेतल्यास संज्ञेचा अर्थ सैल होतो. त्यांच्यातील समान सूत्र एवढेच की, भाषा हे विचारांचे स्वच्छ, पारदर्शक माध्यम आहे ही धारणा त्या सर्वांनी सोडली. त्यानंतरच्या जर्मन साहित्यात शब्द कोणाचे, कोठून आले आणि ते वापरण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न लेखनाचाच एक भाग बनला.